मान्यतेस्तव सादर

फी भरल्यावर पावती मागणारा विद्यार्थी आमच्या क्लासात वर्षाकाठी एखादाच निघतो. पावतीवर रेव्हेन्यू तिकीट मागणारा आजवर एकच निघाला. "पाच हजारांच्या वर रक्कम आहे, बाई. एक रुपयाचं तिकीट लागतं," असं म्हणून भाऊसाहेबांनी पाकिटातून स्वतःच एक तिकीट काढलं, माझ्या पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून ते ओलं केलं, पावतीवर चिकटवलं आणि अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर येईल अशी सही माझ्याकडून करून घेतली. मग हात पुढे केला. मला वाटलं पावतीसाठी. तिकिटाचा रुपया हवा होता. पैसे घेणाऱ्याने तिकीट लावायचं असतं.

अप्पा बळवंत चौकापासून पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या जागी उठलेल्या इमारतीत मी जावा शिकवते. बॅचचं नाव 'इंटरमीजिएट जावा आणि डेटाबेस'. व्हेरिएबल, लूप, ॲरे ज्याला येतात त्याने पुढे क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स शिकायचं आणि शेवटी जेडीबीसी वापरून डेटाबेसला हात घालायचा, असा तीन महिन्यांचा बेत. येतात ती बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं, केटी लागलेली नाहीतर लागायच्या बेतात असलेली. बासष्ट वर्षांचे भाऊसाहेब पहिल्या दिवशी वर्गात शिरले, तेव्हा ही मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं तपासणी आली.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. महसूल खात्यात तलाठ्याला, कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. चौतीस वर्षं तीच हाक ऐकून आता घरी बायकोही तसंच म्हणते. निवृत्त झाले ते अव्वल कारकून म्हणून. हे पद मोठं फसवं. त्यातलं 'अव्वल' ऐकून माणूस छाती काढतो आणि 'कारकून' ऐकून बसतो. तालुक्याच्या कचेरीत याच्या टेबलावरून न गेलेला कागद नसतो आणि याच्या सहीने निकाली निघालेला कागदही नसतो. यातला दुसरा भाग मी तेव्हा नीट मनावर घ्यायला हवा होता.

"बेसिक येतं का तुम्हाला?" मी विचारलं होतं.

"एमएस-सीआयटी झालंय. मुलाची जुनी जावाची पुस्तकं माळ्यावर होती, ती वाचली. लूप येतं. ॲरे येतं, पण पटत नाही."

"काय पटत नाही?"

"अनुक्रमांक शून्यापासून. चौतीस वर्षांत शून्य क्रमांकाचा अर्जदार मी पाहिलेला नाही."

पुढे दीड महिन्याने, डेटाबेसकडून आलेल्या उत्तरातले रकाने मात्र जेडीबीसीत एकपासून मोजतात, हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हे ज्याने केलं तो कचेरीत बसलेला असणार," म्हणाले.

ते लिहायचे फुलस्केप वहीत. पानाचा डावीकडचा तिसरा हिस्सा दुमडून समास पाडलेला. तो शेऱ्यासाठी. प्रोग्रॅम आधी हाताने, शाईच्या पेनाने, मग संगणकावर. खाडाखोड झाली की तिथे आद्याक्षरं. आणि काहीही शिकवलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे केव्हापासून अंमलात आलं?" त्यांच्यापायी मला तारखा पाठ कराव्या लागल्या. डेटाबेस तक्त्यांमध्ये मांडायची रीत आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली सुचवली. जावा सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली बाहेर आणली. जेडीबीसी आलं १९९७ साली.

"मधली दोन वर्षं जावा डेटाबेसशी बोलायची कशी?"

"ज्याची त्याची रीत होती."

"म्हणजे परिपत्रकच नव्हतं."

मागच्या बाकावरची मुलं हसली. पण जेडीबीसी म्हणजे परिपत्रकच आहे. कनेक्शन असं मागावं, प्रश्न असा पाठवावा, उत्तर असं वाचावं एवढं जावा ठरवून देते. मग ओरॅकलने, मायएसक्यूएलने, पोस्टग्रेने त्याबरहुकूम आपापला ड्रायव्हर लिहायचा. मी हे पाऊण तास फळ्यावर चौकोन काढून शिकवत असे. आता दोन मिनिटांत होतं.

सन कंपनी २०१० साली ओरॅकलकडे गेली, हेही एकदा बोलण्यात आलं. "कर्मचारी वर्ग झाले का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, झाले; पण जावाचे जनक जेम्स गॉसलिंग त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोडून गेले. भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "खातं बदललं की जुन्या माणसाला बसवत नाही," असं म्हणून समासात लिहिलं: स्वेच्छानिवृत्ती.

क्लास आणि ऑब्जेक्टमधला फरक सांगायला जगातले सगळे जावा शिक्षक गाडीचं उदाहरण देतात. आराखडा म्हणजे क्लास, रस्त्यावरची गाडी म्हणजे ऑब्जेक्ट. मीही बारा वर्षं तेच देत होते. भाऊसाहेबांनी हात वर केला. "बाई, शंका आहे. कोरा छापील नमुना म्हणजे क्लास आणि भरून आणलेला अर्ज म्हणजे ऑब्जेक्ट, असं म्हटलं तर चालेल का?" चालेल काय! रकाने तेच, मजकूर वेगळा, नमुना एक आणि अर्ज हजार. माझी गाडी त्या दिवशी भंगारात गेली.

ऑब्जेक्टमधली माहिती प्रायव्हेट ठेवायची, थेट हात लावू द्यायचा नाही, गेटर-सेटरमधूनच द्यायची-घ्यायची, यामागचा हेतू मुलांना वर्षानुवर्षं कळत नाही. 'परीक्षेत विचारतात' हेच त्यांना पुरेसं कारण असतं. भाऊसाहेबांना तो सांगावाच लागला नाही. ते खिडकीच्या आत बसलेले होते. "ज्या कारकुनाने ओळखीच्या माणसाला कपाटाशी येऊ दिलं, त्याची नस्ती गहाळ झालीच म्हणून समजा," एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

इनहेरिटन्सच्या दिवशी मात्र माझी घडी बसेना. 'एक्स्टेंड्स' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, वरच्या क्लासकडे जे आहे ते खालच्याला आपोआप मिळतं.

"मृत्यूचा दाखला?"

"लागत नाही. वरचा हयात असतानाच मिळतं."

"म्हणजे वडिलोपार्जित. जन्मतः हक्क. आणि वरच्याने प्रायव्हेट म्हणून ठेवलं असेल ते?"

"त्याला खालच्याला हात लावता येत नाही."

"स्वकष्टार्जित. बरोबर आहे. वडील खुशीने देतील तेवढंच." मग बराच विचार करून, "वडील किती असू शकतात?"

वर्गात कोणी हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता. सी प्लस प्लसमध्ये एका क्लासला अनेक वरचे क्लास चालतात. जावाने तो घोळ मुळातच ठेवला नाही. इथे वरचा क्लास एकच. "उत्तम. निम्मे दावे इथेच मिटले," भाऊसाहेब म्हणाले. इंटरफेस मात्र हवे तितके घेता येतात, हे कळल्यावर त्यांनी भुवया वर केल्या. "त्यातून मिळतं काय?"

"मिळत जवळजवळ काही नाही. अमुक अमुक कामं करीन असं कबूल करायचं."

"अतिरिक्त कार्यभार," असा शेरा समासात पडला.

पॉलिमॉर्फिझमला त्यांनी फार वेळ दिला नाही. एकच अर्ज तलाठ्यापुढे गेला की एक होतं, मंडळ अधिकाऱ्यापुढे दुसरं, तहसीलदारांपुढे तिसरं, यात शिकण्यासारखं काय आहे, असा त्यांचा सूर होता.

ही माणसं तुम्हीही पाहिली आहेत. सोसायटीच्या सभेत 'आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा' म्हणणारा हाच. लग्नाच्या आहेराची यादी दोन प्रतींत करणारा हाच. नियम तोंडपाठ, कागद चोख, स्मरणशक्ती अशी की वीस वर्षांपूर्वीचा जावक क्रमांक सांगेल. साहेब येतात, तीन वर्षांनी बदलून जातात, प्रकरण काय आहे हे त्यांना याच्या टिपणीवरूनच कळतं आणि ते खाली 'टिपणीप्रमाणे' एवढा एक शब्द लिहून सही ठोकतात. निर्णय कोणाचा? साहेबांचा. तो घेतला कोणी? यानेच. पण हे त्याला सांगून पाहा, दचकेल. त्याने आयुष्यात फक्त 'सादर' केलेलं असतं.

म्हणून तर 'थ्रोज' त्यांना इतकं आवडलं. डेटाबेसशी बोलताना काही बिघडलं तर जावा सरळ विचारते: ही चूक इथे निस्तरणार की वरच्याकडे पाठवणार? दोन्हींपैकी काहीच केलं नाही तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. निस्तरायची तर ट्राय-कॅच लिहायचं, पाठवायची तर मेथडच्या कपाळावर 'थ्रोज एसक्यूएल-एक्सेप्शन' लिहायचं. भाऊसाहेबांच्या प्रत्येक मेथडवर थ्रोज होतं. खालची वरचीकडे टाकी, वरची तिच्या वरचीकडे, आणि शेवटी मेनवरही थ्रोज.

"मेनच्या वर कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी माणूस नाही. जावाचं यंत्र असतं. ते चूक पडद्यावर छापतं आणि प्रोग्रॅम बंद पडतो."

"मंत्रालय," त्यांनी मान डोलावली.

मात्र यंत्राने छापलेलं ते लांबलचक लाल पत्रक पूर्ण वाचणारा विद्यार्थी मला त्यांच्याच रूपाने भेटला. मुलं लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करतात आणि 'मॅम, चालत नाही' म्हणतात. भाऊसाहेब बोट ठेवून ओळ अन् ओळ वाचायचे. चूक कुठे उपजली, तिथून कोणाकडे गेली, तिथून कोणाकडे, कितव्या ओळीवर. नस्तीचा प्रवासच तो. "सगळं लिहिलेलं आहे, बाई. लोक वाचत नाहीत," म्हणाले. हे वाक्य मी वर्गात टांगायचा विचार करते आहे.

आता निरंकाची गोष्ट. नल म्हणजे काय, हे शिकवणं या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम. शून्य वेगळं, रिकामी ओळ वेगळी आणि नल वेगळं. टोनी होअर यांनी १९६५ साली प्रोग्रॅमिंगमध्ये नलचा संदर्भ आणला आणि २००९ साली जाहीरपणे त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मी हे सांगत असताना भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, सोपं आहे. गावाकडून अहवाल मागवला. पाऊस पडला नाही, तर तलाठी लिहितो शून्य मिलिमीटर. रकान्यात दाखवण्यासारखं काही नसेल, तर लिहितो निरंक. पण तलाठ्याने अहवालच पाठवला नाही, तर? तिथे शून्यही लिहायचं नाही आणि निरंकही लिहायचं नाही. लिहायचं: माहिती अप्राप्त. ते तुमचं नल." मागच्या बाकावरच्या मुलाने हे उत्तर नंतर मुलाखतीत दिलं म्हणे, आणि त्याला नोकरी लागली.

पण त्याच आठवड्यात एक भानगड झाली. वाचकाची अनामत किती, हे डेटाबेसमध्ये नल असेल आणि जेडीबीसीच्या गेट-इंट मेथडने ते वाचलं, तर हातात शून्य येतं. खरंच नल होतं का, हे जाणून घ्यायचं तर लगेच वॉज-नल नावाची दुसरी मेथड बोलावून विचारावं लागतं. भाऊसाहेब खरोखर संतापलेले मी त्या दिवशी पाहिले. "माहिती अप्राप्त असताना शून्य कळवणं? निलंबित होतो माणूस!"

अनामत कुठून आली? वाचनालयातून. हे सगळं शिकणं चाललं होतं ते त्यांच्या पेठेतल्या वाचनालयासाठी. भाऊसाहेब तिथे सहकार्यवाह. साडेआठ हजार पुस्तकं, एक दाखल रजिस्टर, एक देवघेव रजिस्टर आणि एका दात्याने दिलेले दोन जुने संगणक. मी म्हटलं, वाचनालयांसाठी न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं कोहा नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते बसवा. त्यांनी पाहिलं, चांगलं आहे म्हणाले, आणि नाकारलं. दाखल रजिस्टरमधला 'कोणाच्या स्मरणार्थ' हा रकाना त्यात नव्हता.

जावात क्लासचं, मेथडचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ही सोय असूनही कोणी वापरत नाही. भाऊसाहेबांनी वापरली. क्लास 'वाचक' एक्स्टेंड्स 'व्यक्ती'. क्लास 'पुस्तक', त्यात मेथड 'दाखलकरा' आणि 'जीर्णम्हणूनबादकरा'. मी मुलांना हे दाखवलं तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, "मॅम, हे वाचता येतंय."

विलंब शुल्क दिवसाला दहा पैसे. नियम कधीचा कोणास ठाऊक, पण बदललेला नाही, त्यामुळे भाऊसाहेब तोच लावणार. तीन दिवस उशीर, म्हणून ०.१ तीनदा मिळवलं. डबल प्रकारात. उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. भाऊसाहेब संध्याकाळी सव्वासातला माझ्या दारात. "हे शेवटचे चार कोणाच्या खात्यावर टाकायचे?"

मी सांगितलं की यंत्र दोनाच्या घातांत मोजतं, एकदशांश त्याला नेमका लिहिता येत नाही, जसा आपल्याला एकतृतीयांश दशांशात लिहिता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पण अपहार तो अपहार. मग बिग-डेसिमल शिकवलं, पैशाच्या हिशेबाला तेच वापरतात. त्यातही गोम अशी की आकडा नुसता दिला तर चूक त्याच्याबरोबर आत येते, अवतरण चिन्हात मजकूर म्हणून दिला तर नेमका राहतो. याचं मात्र त्यांना नवल वाटलं नाही. "तोंडी नको, लेखी द्या, एवढंच म्हणतंय ते."

नंतर प्रिपेअर्ड स्टेटमेंट. एसक्यूएलच्या वाक्यात माणसाने टंकलेला मजकूर तसाच जोडायचा नाही. त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि किंमत मागाहून भरायची. नाहीतर कोणीतरी नावाच्या रकान्यात अर्धवट अवतरण चिन्ह आणि 'किंवा एक बरोबर एक' असं लिहून सगळं कोठार उघडून घेतो. भाऊसाहेबांना एक अर्जदार आठवला. त्याने 'कार्यालयीन वापरासाठी' या चौकटीत स्वतःच 'मंजूर' असं लिहून अर्ज दिला होता आणि तो दोन टेबलं पुढे गेलाही होता. प्रश्नचिन्हांची पद्धत त्यांना इतकी पटली, की आठवड्याने वाचनालयातल्या संगणकावर पुस्तकांची यादी काढली आणि प्रत्येक नावाच्या जागी सहा-सात प्रश्नचिन्हं आली, तेव्हा ते जराही घाबरले नाहीत. "किमती भरायच्या राहिल्यात," असं त्यांनी तिथल्या सेविकेला समजावलं आणि तिनेही मान्य केलं. भरायचं काही राहिलं नव्हतं. त्या संगणकावरचं मायएसक्यूएल जुनं, २०१८ च्या आठव्या आवृत्तीआधीचं. त्याची मूळ लिपी लॅटिन. देवनागरी अक्षर आलं की ते हात वर करून प्रश्नचिन्ह छापत होतं. अक्षरसंच युनिकोडचा करून घेतला आणि सगळी नावं पुन्हा भरावी लागली. आधीची परत येत नाहीत.

आणि मग आलं कमिट.

वाचकाला पुस्तक दिलं की नोंदी दोन होतात. देवघेवीत नवी ओळ, आणि पुस्तकाच्या ओळीत 'बाहेर' असा बदल. पहिली झाली आणि वीज गेली, तर एकाच पुस्तकाची दोन रजिस्टरं दोन गोष्टी सांगतात. म्हणून ऑटोकमिट बंद करायचं, दोन्ही नोंदी करायच्या आणि मग कमिट म्हणायचं. मध्ये बिघडलं तर रोलबॅक, म्हणजे काही झालंच नाही. मुलं खाली मान घालून मोबाइल बघत होती. भाऊसाहेब उभे राहिले. "फेरफार!"

पुढची दहा मिनिटं त्यांनीच शिकवलं. जमीन विकली की तलाठी आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवतो. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस. तोवर सातबाऱ्यावर नाव जुनंच. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात तेव्हा सातबाऱ्याला अंमल बसतो. रद्द केली तर सातबारा होता तसा. (सातबारा म्हणजे नमुना सात आणि नमुना बारा यांचा जॉइन, हे ते आदल्या आठवड्यातच सांगून चुकले होते.) मी खडू खाली ठेवून ऐकत होते. ट्रान्झॅक्शन इतकं स्वच्छ मी कधी शिकवलेलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ते पडलेल्या चेहऱ्याने आले. "बाई, नोंदी टिकत नाहीत."

रात्री चाळीस पुस्तकं भरली. यादी काढली, चाळीस दिसली. कनेक्शन नीट बंद केलं, पंखा बंद केला, दिवा बंद केला. सकाळी पाहतात तर टेबल रिकामं. दुसऱ्या रात्री तीच चाळीस, सकाळी पुन्हा रिकामं. तीन रात्री. मुलांनी व्हायरसपासून देवनागरी नावांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मी लॅपटॉप पुढे ओढला. कोड आरशासारखा. ऑटोकमिट बंद, नोंदी बरोबर, क्रम बरोबर. शेवटी कमिटची ओळ होती, पण तिच्याआधी दोन तिरप्या रेघा. म्हणजे ती ओळ यंत्राने वाचायचीच नाही. पुढे टीप: मान्यतेस्तव सादर.

"भाऊसाहेब, ही ओळ बंद का केलीत?"

"बंद नाही केली. सादर केली आहे."

"कोणाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "ते मी कसं ठरवणार?"

मी म्हटलं, इथे साहेब कोणी नाही. कमिट तुम्हीच करायचं. स्वतःच्या कनेक्शनमध्ये स्वतःच्या कच्च्या नोंदी दिसतात, पण पक्क्या झाल्याशिवाय कनेक्शन मिटलं की डेटाबेस त्या टाकून देतो. त्यांना ते पूर्ण समजलं होतं. अडचण समजण्याची नव्हतीच. "बाई, नोंद मी करणार आणि प्रमाणितही मीच करणार? एकाच माणसाच्या हातात दोन्ही? लेखापरीक्षणात पहिला आक्षेप तोच येईल." यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही सुचलेलं नाही. बँकांतही एक जण नोंद करतो आणि दुसरा ती पास करतो.

दोन दिवसांनी त्यांनी तोडगा आणला. एक नवी मेथड. दोन्ही नोंदी झाल्या की प्रोग्रॅम थांबतो आणि पडद्यावर विचारतो: 'मान्यता द्यावी किंवा कसे? हो / नाही.' हो म्हटलं तर कमिट, नाही म्हटलं तर रोलबॅक. मी खूश झाले आणि शाबासकी दिली. 'हो' कोण म्हणणार, हे विचारायला विसरले.

वाचनालयात प्रोग्रॅम सुरू झाला एका शनिवारी संध्याकाळी. आतल्या संगणकावर भाऊसाहेब, बाहेरच्या खिडकीवर सेविका. पहिली वाचक चौथीतली एक मुलगी. भाऊसाहेबांनी तिच्या पुस्तकाची नोंद केली. 'मान्यता द्यावी किंवा कसे?' भाऊसाहेब थांबले. अध्यक्ष बंगळुरूला मुलाकडे असतात. कार्यवाहांचा गुडघा दुखत होता, ते जिना चढत नाहीत. तेवढ्यात मुलीची आई बाहेरच्या खिडकीवर त्याच कार्डावरचं दुसरं पुस्तक परत करू लागली. कार्डाची ओळ आतल्या अर्धवट प्रकरणाने अडवून ठेवलेली. बाहेरचा संगणक पन्नास सेकंद वाट पाहतो, मायएसक्यूएलची सबुरी मुळात तेवढीच ठेवलेली असते, आणि मग कुलपाची वाट पाहून थकल्याचं सांगून पुन्हा प्रयत्न करा म्हणतो. सेविकेने तीनदा प्रयत्न केला. रांग जिन्यापर्यंत गेली. शेवटी तिने जुनं देवघेव रजिस्टर काढलं आणि बाकीच्यांना दहा मिनिटांत मोकळं केलं. राहिली ती मुलगी. तिचं पुस्तक रजिस्टरवर चढवता येत नव्हतं, कारण संगणकावर प्रकरण प्रलंबित होतं.

मी मंडईत होते, हातात मेथीच्या दोन जुड्या. फोन वाजला.

"बाई, एक प्रकरण अडलं आहे."

"काय विचारतंय?"

"मान्यता द्यावी किंवा कसे."

"मग हो लिहा ना, भाऊसाहेब!"

पलीकडे शांतता. मागे मुलीचा आवाज: "आजोबा, मला जायचंय."

"हा आपला आदेश समजू?"

"समजा!"

"वेळ सांगता का?"

"सहा बेचाळीस! दाबा!"

फोनमधून कळ दाबल्याचा आवाज आला. मेथीवाली म्हणाली, "ताई, वीस रुपये."

सोमवारी भाऊसाहेबांनी मला देवघेवीच्या पानाची प्रत आणून दिली. त्या नोंदीसमोर लिहिलं होतं: सायं. ६ वा. ४२ मि., बाईंच्या दूरध्वनीवरील तोंडी आदेशानुसार कमिट केले. लेखी आदेश प्राप्त होताच सोबत जोडण्यात येतील.

त्या एका तोंडी आदेशावर आता साडेआठ हजार पुस्तकं संगणकावर चढली आहेत. भाऊसाहेब रोज संध्याकाळी दोन तास बसतात, 'हो' लिहितात आणि शेऱ्यात त्या फोनचा हवाला देतात. वाचनालय नीट चाललं आहे. लेखी आदेश मी अजून दिलेला नाही. परवा स्मरणपत्र क्रमांक तीन आलं.